पंख्याच्या बटनाला कुलूप

करमाडच्या शिवारात भागूबाईचा संसार झाला. तिथं लाईट केव्हा येईल आणि केव्हा जाईल, याचा भरवसा नसे. गेलेली लाईट कधी अशा दाबानं परत यायची की बल्ब फटकन उडायचे. एकदा टीव्हीच जळाला. तेव्हापासून लाईट गेली की भागूबाई हातातलं काम टाकून उठायची आणि घरातलं एकेक बटन बंद करून यायची. शहाण्या बाईचं घर असंच राखावं लागतं, हे तिच्या हातात मुरलं होतं.

नवरा सर्जेराव वारल्यावर लेकानं तिला संभाजीनगरला, बीड बायपासजवळच्या नव्या घरात आणलं. गाव सुटलं, पण हाताची सवय सुटली नाही.

विश्वजीत शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर. घर त्यानं हौसेनं बांधलेलं. भिंतीत काचेची बटनं, बोट टेकलं की दिवा लागायचा, आणि साऱ्यांचा कारभार मोबाईलमध्ये. लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर घर चालायचं, दिवे नुसते पापणीसारखे लवायचे. भागूबाईला तेवढं पुरे होई. ती उठून सगळं घर बंद करून यायची. एका दुपारी त्यात सुनेच्या खोलीतलं नेट गेलं. मंजुषा घरून कंपनीचं काम करायची. साहेबांशी बोलता बोलता तिची मीटिंग तुटली आणि ती चिडली.

त्याच संध्याकाळी विश्वजीतनं मोबाईलमधून घरातली सगळी बटनं लॉक केली. प्रत्येक बटनावर लाल टिपका उमटला.

"बिघडलं नाही, आई," तो म्हणाला. "बोट लावलं तरी आता काही होणार नाही. दिवे आपोआप लागतील. बाकी काय लागलं तर आम्हाला सांग."

"बरं," भागूबाई म्हणाली. चूक आपली होती, हे तिलाही दिसत होतं.

मे महिन्यात तिची गावाकडची मैत्रीण अख्तरी दारात उभी राहिली. लेकीच्या, आमरीनच्या लग्नाचे कपडे घ्यायला ती गुलमंडीत आली होती. घामानं निथळत, दोन्ही हातांत पिशव्या. विश्वजीत कारखान्यात होता, तिथं मोबाईल गेटवरच जमा करावा लागे. मंजुषा त्या दिवशी ऑफिसला गेली होती.

उन्हातून आलेल्या माणसाला आधी पंखा, मग पाणी. भागूबाईचा हात बटनाकडे गेला आणि लाल टिपक्यावर अडला. मंजुषाला फोन करता आला असता. पण पाहुणी समोर असताना, पंखा लाव म्हणून सुनेची विनवणी करायची?

"लाईट गेलीय बया," ती म्हणाली आणि पाणी आणायला वळली.

अख्तरीनं तांब्या रिकामा केला, पदरानं वारा घेतला, आणि स्वयंपाकघराकडं कान दिला.

"भागू, लाईट गेली म्हन्तीस, आन तुझा फ्रिज काय हवा खाऊन घुमतोय?"

भागूबाई खाली बसली. "लेकानं बटनाला कुलूप लावलंय."

"बटनाला? चावी कुठंय?"

"मोबाईलमधी."

अख्तरी खो खो हसली. "या अल्ला! आमच्याकडं साखरेच्या डब्याला लावत्यात, तुझ्याकडं वाऱ्याला लावलं व्हय!" भागूबाई हसत नाही हे पाहून ती थांबली. "चल, बाहेर बसू. तुझ्या बंगल्यापरीस लिंबाखाली बरं."

दोघी अंगणात बसल्या. अख्तरीनं लग्नाच्या साड्या उलगडून दाखवल्या. भागूबाईनं त्या पाहिल्या, पण रंग काही तिच्या डोळ्यांत शिरले नाहीत.

संध्याकाळी लेक-सून घरी आल्यावर ती सरळ म्हणाली, "विश्वा, दारी आलेल्या मानसाला मला पंखा लावता आला नाय. मंग मी या घरात कोन, तेवढं सांग. पाहुनी असंल तर पाहुनीसारखी जाते मी करमाडला."

"आई, तुझ्यामुळं मंजूची मीटिंग..."

"मी चिडले होते," मंजुषा मध्येच बोलली. "पण कुलूप लावा असं मी म्हटलं नव्हतं. मला विचारलं तरी होतं का?"

विश्वजीतनं मान खाली घालून मोबाईल काढला. "सगळी उघडतो."

"सगळी नको," भागूबाई म्हणाली. "मंजूच्या खोलीचं ऱ्हाऊ दे. लाईट लवली की माझा हात जाईलच तिथं, मी मला वळखते. बाकीची उघड. आन यापुढं घरात काय बंद करायचं असंल, तर आधी मला विचारायचं."

भिंतीवरचे टिपके एकेक करून विझले. सुनेच्या खोलीतला तेवढा राहिला.

भागूबाईनं अख्तरीला फोन लावला. "ऐतवारी परत ये. जेवायलाच ये."

"येते की. पन पंखा घरून आनू का?"

"तू नुसती ये. तुला स्वेटर घालाया लावते," भागूबाई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.