पाच नंबरच्या प्लॉटची सही

वसमतमध्ये फकीर नकाशेवाल्याचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे, यावर कोणी वाद घालत नाही. लग्नात जेवायला गेला तरी हा माणूस दारापासून पंगतीपर्यंत पावलं मोजत जातो आणि मांडववाल्याला गाठून सांगतो, "साठ फूट म्हणला होतास, साडेसत्तावन्नच भरला." त्याची बायको गौसिया तर म्हणते, मला बघायला आले तेव्हा ह्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच, आमचं अंगण किती बाय किती तेच बघत होते. खोटंही असेल. पण फकीरनं ते आजवर नाकारलेलं नाही.

वय पासष्टीच्या पुढं. मिशांना मेंदी, कानात अत्तराचा फाया. तरुणपणी मोजणीवाल्यांच्या मागं साखळी ओढत हिंडला, तिथंच नकाशा शिकला. पुढं तीस वर्षं कुरुंदा, हट्टा, औंढ्यापर्यंत जेवढे ले-आउट पडले, त्यातले निम्मे त्याच्या हातचे.

नकाशा दाखवायची त्याची एक रीत होती. कागदावर उत्तर दिशा वर असते आणि माणूस आपल्या ओट्यावर भलतीकडं तोंड करून बसलेला असतो. त्याला काय कळणार? म्हणून फकीर आधी कागद फिरवायचा. कागदावरची उत्तर खऱ्या उत्तरेकडं आली की बोट ठेवायचा. "हे तुमचं दार. हा रस्ता. पलीकडं ही मोकळी जागा." मग कागदातलं दार दाराकडं आणि रस्ता रस्त्याकडं. अडाणी म्हातारीलाही कळायचं. फकीरभाईनं फिरवून दाखवलं म्हणजे लोकांच्या लेखी अर्धी रजिस्ट्री झालेली असायची.

कुरुंद्याच्या ले-आउटमधला पाच नंबरचा प्लॉट पार्वतीबाईंनी असाच घेतला. नवरा गेलेला, मुलगी नांदेडला दिलेली. बाईंनी प्लॉट घेतला तो समोरच्या मोकळ्या जागेकडं बघून. ले-आउट मंजूर होताना जमिनीचा दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो, तो इथं ऐन रस्त्याच्या कडेला होता. बाई आसपासच्या शेतकऱ्यांची शिजवलेली हळद वाळवून द्यायच्या. चार बाया हाताखाली. फाल्गुन-चैत्रात ते मैदान पिवळंधमक व्हायचं आणि बाई त्याच्या कडेला मुकादमासारख्या उभ्या.

"उद्या हितं कोणी घर बांधलं तर?" प्लॉट घेताना त्यांनी विचारलं होतं.

"ही जागा कोणाला विकता येत न्हाई, बाई. बिनघोर राहा," फकीर म्हणाला होता. आणि तेव्हा ते खरं होतं.

मग कॉम्प्युटर आला. फकीरचा मुलगा फहीम एका दुपारी जे काढायचा, त्याला फकीरला आठ दिवस लागायचे. हळूहळू फकीरची खुर्ची टेबलापासून दारापाशी गेली. आल्या-गेल्याला "बसा, येईलच फहीम" म्हणायचं, एवढंच काम उरलं. नकाशे काढायच्या फळीवर गौसिया पापड वाळवायला लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या फळीचा घरात उपयोग झाला." फकीर हसायचा. पण पापडांकडं बघायचा नाही.

अशात एक दिवस नरसिंगशेठ आला. कुरुंद्याचा ले-आउट त्याचाच. समोरचा रस्ता मोठा झाला होता आणि रस्त्याकडेची मोकळी जागा शेठच्या डोळ्यांत सलत होती. ती मागं ओढ्याकाठी नेली, तर पुढं दुकानांचे प्लॉट पडत होते. जागा तेवढीच, फक्त हलवायची. त्यासाठी मंजूर ले-आउट सुधारून घ्यायचा होता, आणि प्लॉट विकलेले असल्यानं प्लॉटवाल्यांच्या संमतीच्या सह्या लागत होत्या.

"रेघा काय, फहीम ओढीन," शेठ म्हणाला. "पण चाचा, माझ्या तोंडाकडं बघून कोणी सही करीन का?"

"न्हाई करणार," फकीर म्हणाला.

"तुमच्या तोंडाकडं बघून करतेत. हे काम कॉम्प्युटरचं न्हाई."

फकीरनं पाकीट घेतलं असं वसमतमध्ये बोलतात. बोलणाऱ्यांचं काय जातं? त्यानं पाकीट घेतलं नाही. घेतलं असतं तर निदान परत तरी करता आलं असतं. त्यानं फक्त ते शेवटचं वाक्य घेतलं आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कुरुंद्याला निघाला.

मागच्या ओळींतल्या लोकांना तर मोकळी जागा जवळच येणार होती. त्यांच्या ओट्यावर त्यानं कागद फिरवून, बोट ठेवून सगळं दाखवलं आणि सह्या घेतल्या. पाच नंबरला तो मुद्दाम शेवटी गेला.

पार्वतीबाई हळद उलटीपालटी करत होत्या. येऊन बाजेवर टेकल्या.

"काय आणलं, फकीरभाई?"

"ले-आउट सुधारून राहिलेत."

"काहून? काय बिघडलं होतं त्याला?"

फकीर हसला. "रस्ता मोठा झाला न्हाई का. त्याच्या हिशेबानं थोडं हिकडं-तिकडं. मोकळी जागा हाय तेवढीच हाय, एक फूट कमी न्हाई."

फुटाच्या बाबतीत तो खोटं बोलत नसे. आताही बोलला नाही. नळीतून कागद काढला आणि जसा निघाला तसा बाजेवर पसरला. सवयीनं हात कोपऱ्याकडं गेला आणि तिथंच थांबला. कागद फिरला नाही.

"माझं दार कुठं?"

त्यानं बोट ठेवलं. दारासमोर काय आहे, हे बाईंनी विचारलं नाही.

"तुमी बघितलं ना सगळं?"

"बघितलं."

"मग द्या हिकडं." त्यांनी पदराला हात पुसले, तरी सहीशेजारी हळदीचा डाग उठलाच.

घरी गौसियानं पाणी दिलं आणि सहज विचारलं, "पार्वतीबाई को कागज फिराके बताए?"

"धूप बहुत थी," फकीर म्हणाला. गौसियानं पुढं काही विचारलं नाही. तिचं तोंड कधी बंद नसतं, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

पुढं कुठल्याशा पेपरात बोटभर जाहीर नोटीस आली. कोणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी. म्हणजे अजून तीस दिवस हातात होते. त्यात फकीर तीनदा कुरुंद्याला गेला. पहिल्यांदा बाईंकडं पाहुणे होते. दुसऱ्यांदा विषय काढायच्या आत बाईंनी किलोभर हळद पिशवीत घालून दिली, "भाभींना द्या, घरची हाय." ती पिशवी घेऊन तो परत आला. तिसऱ्यांदा स्टँडवर उतरला, चहा प्याला आणि आल्या जीपनं माघारी फिरला.

एकतिसाव्या दिवशी त्यानं फहीमला विचारलं, "हरकत आली का कोणाची?"

"कोणाची येणार, अब्बा? सह्या तुम्ही आणल्या होत्या."

पुढच्या हंगामात हळदीचा पहिला ट्रॅक्टर मैदानात वळला, तेव्हा शेठची माणसं चुन्यानं दुकानांच्या रेघा मारत होती. बाया झाडू घेऊन उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पार्वतीबाई वसमतला आल्या आणि फकीरसमोर बसल्या.

"तुमाला माहीत होतं?"

शेठनं मलाही फसवलं, असं म्हणता आलं असतं. बाईंनी कदाचित मानलंही असतं. "व्हय," फकीर म्हणाला.

"सांगितलं काहून न्हाई?"

फकीर चहा सांगायला उठला.

"कागद मला कळत न्हाई म्हणून तर तुमाला चहा पाजत आले इतकी वर्षं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्यानंतर फकीरनं जी धावपळ केली, ती आधी केली असती तर ही गोष्टच झाली नसती. वकिलानं सांगितलं, सुधारित ले-आउटला नुकतीच मंजुरी मिळालीय, तिच्यावर अपिलाला अजून नऊ दिवस आहेत. ज्याची सही आहे त्यानं म्हणायचं, मला समजावून न सांगता सही घेतली. आणि सही घेणाऱ्यानं तसं लिहून द्यायचं.

"लिहून दिलं तर आपल्याला पुन्हा कोणी काम देणार नाही," फहीम म्हणाला.

"तुला देतील. नाव माझं जाईल."

फकीरनं ते स्वतःच्या हातानं, नकाशांवरच्या त्याच्या नामांकित अक्षरात लिहून दिलं. वकिलानं अपील तयार केलं. फक्त बाईंची सही राहिली.

बाई ओढ्याकाठी सापडल्या, नव्या मोकळ्या जागेत. जमीन ओलसर, कडेला म्हशी, खालच्या हळकुंडांना काळपट बुरशी धरलेली. फकीरनं अपील शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा वाचलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बराबर लिहिलं."

त्यानं पेन पुढं केला. बाईंनी घेतला नाही.

"मी सही न्हाई करत."

"बाई, ही तुमच्या फायद्याची हाय."

"असंन. तुमच्यावर राग धरून न्हाई म्हणत मी. बचत गटाच्या कागदावरबी करत न्हाई आता. बँकेचा साहेब येऊन गेला, त्यालाबी न्हाई म्हणलं. हात उठत न्हाई."

फकीर रोज गेला. बाई पाणी द्यायच्या, बाजेवर बसा म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. शेजारणीनं समजावलं, नांदेडहून मुलीचा फोन आला. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

शेवटच्या दिवशी तो कागद मांडीवर घेऊन दुपारपासून बसून होता. अपील जिथं द्यायचं ते हिंगोलीचं ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, टळली. बाईंनी बायांना सांगितलं, "ती ओढ्याकडची ओली हाय, उलटी करा." मग त्या त्याच्याकडं वळल्या.

"सहाची एसटी जाईल, भाऊ. उठा आता."