लाल बूटवाल्याची आई

मार्गशीर्षातला पहिला रविवार, दुपारी चार. स्थळ: भोरच्या एसटी स्टँडसमोरचं माझं झेरॉक्सचं दुकान. हजर: शेजारच्या दुकानातले बूटवाले चाचा, हायस्कुलातले विज्ञानाचे मास्तर, बँकेतल्या मॅडम, वेल्ह्याच्या गाडीवरचे कंडक्टर आणि मी. गैरहजर: लाल बूटवाला, कारण बैठक त्याच्याविषयीच होती. विषय एकच: त्याचा सिनेमा पुन्हा पहिल्यापासून नव्याने काढणार आहेत, त्याचं आपण काय करायचं? सातासमुद्रापलीकडचे सिनेमावाले भोरच्या ठरावासाठी खोळंबले होते असं नव्हे. पण चाचांनी बैठक बोलावली होती, आणि चाचांनी बोलावलेली बैठक टाळता येत नाही.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत बूटवाल्या चाचांइतका हट्टी माणूस झाला नाही, हे मी शेजारी म्हणून सांगते. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. माझ्या यजमानांना ते इतकी वर्षं 'नऊ नंबर, उजवी टाच झिजवणारे' म्हणूनच ओळखतात आणि तब्येतही तशीच विचारतात: "नऊ नंबर बरं हायेत न्हवं?" कुणाच्याही दारात गेले की आधी उंबऱ्याबाहेरच्या चपला जोडीने लावतात, मग आत येतात. मशीद असो, देऊळ असो, दवाखाना असो, चाचा आत गेलेत की नाही हे बाहेरच्या चपलांवरून कळतं. आंबवड्याच्या एका लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे बूट लपवले होते. चाचांना एक बूट तांदळाच्या पोत्याआड दिसला, दुसरा त्यांनी जिद्दीने गाड्याखालून शोधून काढला, आणि दोन्ही पुसून, जोडीने, मांडवाच्या तोंडाशी नवरदेवासमोर ठेवले. करवल्यांचा मान बुडाला. त्या मुली आता लेकुरवाळ्या झाल्या, पण चपला अजून समोरच्या दुकानातून घेतात. चाचांना त्याचं काही वाटत नाही. "बूट जोडीनंच ऱ्हायला पायजे, वहिनी. मान काय, दुसऱ्या लग्नात मिळंल."

लाल बूटवाला हे सिनेमातल्या त्या हिरोचं आमच्याकडचं नाव. इंग्रजीतलं नाव आमच्या तालुक्यात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. चाचांचा रिवाज असा, की भाताची सुगी झाली की टेम्पोत बूट-चपला भरायच्या आणि वेल्ह्यापलीकडच्या गावांना जायचं. दिवसा विक्री, आणि दिवेलागणीला देवळासमोर पांढरी चादर बांधून प्रोजेक्टरवर फुकट सिनेमा. गर्दी जमावी एवढाच हेतू. सिनेमा दरवर्षी तोच आणि इंग्रजी, म्हणून चाचा त्याचा आवाज बंद करत आणि माईक घेऊन स्वतः मराठीत सांगत. त्यांच्या सांगण्यात हिरो तोरण्यावरून उडी मारायचा तो थेट राजगडावर उतरायचा. शिवाय त्याची सगळी ताकद बुटांत असायची. मूळ सिनेमात ती त्याच्या रक्तात आहे, हे मास्तरांनी त्यांना अनेकदा समजावून पाहिलं. चाचा म्हणाले, "अंगात ताकद असती तर बूट कशाला घातलं असतं, मास्तर? अनवानी हिंडला असता की." वेल्ह्यापलीकडच्या पासली गावात तर एका हंगामात लाल गमबूट न घातलेलं पोर दिसत नव्हतं.

आणि हिरोच्या आईचा आवाज चाची द्यायच्या. त्या लाजऱ्या होत्या, म्हणून चादरीच्या मागे बसून बोलायच्या. डोंगरातल्या बायकांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता. एकदा वेल्ह्याच्या बाजारात चाचींनी वांग्यांचा भाव विचारला, तर वांगीवाली पासलीची बाई उठून उभीच राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर आई." वांग्यांचे पैसे काही तिने घेतले नाहीत.

आईचं वाक्य सबंध सिनेमात एकच. हिरो सगळं शहर वाचवून घरी येतो, आई दारात उभी असते, डोळ्यांत पाणी, आणि इंग्रजीत ती बरंच काही बोलते. चाची चादरीमागून एवढंच म्हणायच्या, "बूट भाईर काड. आत्ताच सारवलंय." मूळ सिनेमात तो बहुधा भावना अनावर होऊन मान खाली घालतो. पण ते वाक्य एकदा ऐकलं की तो बुटांकडेच बघतोय याबद्दल शंका उरत नाही. मग चाचा हिरोच्या आवाजात म्हणायचे, "काडतो गं आये." सगळं गाव हसायचं, दरवर्षी, जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं.

चाची वारल्या, त्या वर्षी टेम्पो निघाला नाही. प्रोजेक्टर पोत्यात गेला. या वर्षी सुगी आली, तरी चाचांनी विषय काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. तेवढ्यात पेपरात बातमी आली. चाचा पेपर घेऊन माझ्या दुकानात आले, बऱ्याच दिवसांनी हसत. "वहिनी, लाल बूटवाल्याचा रीबूट येतोय म्हनं. ब्येस झालं. लई वर्सं एकाच जोडावर काडली गड्यानं, सोल पार गेलं आसंल." दोन-चार दिवस ते गिऱ्हाइकांना हेच सांगत होते. नवा जोड कुठल्या लाल रंगाचा असावा, याचे नमुनेसुद्धा त्यांनी काढून ठेवले होते. शेवटी बँकेतल्या मॅडमनी त्यांना सांगितलं, की रीबूट म्हणजे बूट नव्हे, सगळंच बदलणार. नट नवा, गोष्ट नवी, जुनं काही झालंच नाही असं धरून चालायचं. चाचा म्हणाले, "झालंच न्हाई, असं कसं?" आणि बैठक बोलावली.

बैठकीत सुरुवातीला सगळे एकदम बोलले. मॅडमनी या सिनेमाचा एकूणएक भाग पाहिला आहे. त्यांनी जाहीर केलं की जुन्या नटाशिवाय त्या थिएटरची पायरी चढणार नाहीत, आणि निषेध म्हणून मोबाईलवरचा स्वतःचा फोटो त्यांनी आधीच काढून टाकला होता. कंडक्टर म्हणाले, "नवं पोरगं लई बारीक हाय ओ. आमच्या गाडीत बसलं तर म्या अर्धंच तिकीट फाडीन." मास्तर मात्र खूश होते, नव्या सिनेमात विज्ञान तरी बरोबर असेल म्हणून. मग मॅडमनी मोबाईलवर नव्या सिनेमाची झलक लावली. हिरोच्या पायात काळे कापडी बूट होते, तेही बिनलेसचे. आम्ही सगळ्यांनी घाबरून चाचांकडे पाहिलं.

चाचा बुटांकडे बघतच नव्हते. "थांबवा. मागं घ्या जरा," ते म्हणाले. मॅडमनी मागे घेतलं. हिरोच्या खोलीत भिंतीवर एका बाईचा फोटो होता, आणि त्याखाली मेणबत्ती.

"ही कोन?"

"त्याची आई," मॅडम म्हणाल्या. "या वेळी ती आधीच गेलेली दाखवलीय. म्हणूनच तर तो हिरो होतो."

"आई गेल्यावर मानूस हिरो हुतो व्हय?" चाचा म्हणाले. "उपाशी ऱ्हातो नुसता."

मॅडमनी झलक बंद केली. मग चाचा उठले. "पासलीला जायचं. जुना शिनिमा दावायचा. त्यास्नी मोबाईलवर ह्यो फोटो दिसायच्या आदी. आई जित्ती हाय हे एकदा पक्कं झालं पायजे. कामं वाटून घ्या. वहिनी, ल्ह्या."

मी लिहिलं. प्रोजेक्टरचा दिवा: मास्तर. पासलीला निरोप: कंडक्टर. माईक आणि वायर: मॅडम, आणि त्यांनी बहिष्कार फक्त नव्या सिनेमावर आहे असं स्पष्ट केलं. चादर धुऊन इस्त्री: मी. राहिला आईचा आवाज. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज खणखणीत आहे, रस्त्यापलीकडच्या माणसाला मी दुकानातून हाक मारते. मी ताठ बसून म्हटलं, "बूट बाहेर काढ. आत्ताच सारवलंय."

चाचांनी डोळे मिटून घेतले. "वहिनी, आई हाय ती. चौकशीची खिडकी न्हवं."

मॅडमनी म्हणून पाहिलं, ते फारच गोड आलं. मास्तरांचं तर कुणी शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. मी चाचांना म्हटलं, मग तुम्हीच म्हणा की. ते म्हणाले, "तिचं वाक्य म्या कसं म्हनू?" म्हणून असं ठरलं, की तेवढी जागा मोकळी सोडायची आणि गुपचूप पुढे जायचं. मला ते पटलं नव्हतं. कार्यक्रमात भोक ठेवून कार्यक्रम होत नाही. पण चाचांपुढे इलाज नव्हता.

पासलीला आम्ही उन्हं असतानाच पोचलो. खळी रिकामी झाली होती, पेंढ्याचा वास होता. देवळाबाहेर उतरवून ठेवलेल्या चपला चाचांनी आधी जोडीने लावल्या, मग चादर बांधली. दिवेलागणीला गाव जमलं. लाल गमबूट घालून हिंडणारी ती पोरं आता मिशीवाली झाली होती, पण आली होती. चाचांनी माईक घेतला आणि सुरुवात केली. हिरोने तोरण्यावरून उडी मारली तोवर पूर्वीचे चाचा परत आले होते. शहर वाचलं. हिरो घरी आला. आई दारात दिसली, तिचे ओठ हलायला लागले. चाचांनी ठरल्याप्रमाणे माईक खाली केला. मी चादरीकडे न बघता वायरीकडे बघत राहिले.

आणि बायकांच्या बाजूने, पुढून मागून, म्हाताऱ्यांपासून नव्या सुनांपर्यंत, सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "बूट भाईर काड. आत्ताच सारवलंय."

हिरोने मान खाली घातली. चाचांचा माईक मात्र वर येईना. पडद्यावरचा हिरो बिचारा बुटांकडे बघतच राहिला. अखेर पुढे बसलेल्या एका म्हातारीने आवाज दिला, "आरं बोल की. आई सांगतीय न्हवं." तेव्हा चाचा माईकशिवायच म्हणाले, "काडतो गं आये."

सामान आवरताना तीच म्हातारी चाचांपाशी आली. "ऐकलं, नवा येतोय म्हनं. फुडल्या साली त्यो आना."

"त्यात आई न्हाई, मावशे. नुसता फोटो हाय."

"मग फोटोतनं बोलंल की. आमच्या सासूबाई बोलत्यात, अजून."

चाचांनी चादरीची शेवटची गाठ सोडली. "व्हय," ते म्हणाले. "बोलंल."

तेव्हापासून त्यांनी नव्या सिनेमाविरुद्ध अवाक्षर काढलेलं नाही. काळे कापडी बूटही त्यांनी दुकानात मागवलेत, बिनलेसचे. माझ्या यादीतली त्या बैठकीची सगळी कामं खोडून झाली, आणि तळाशी एकच नवं काम लिहिलंय: फोटोतली आई काय म्हणते, ते ठरवणे. रोज संध्याकाळी स्वतःचं शटर ओढून झालं की चाचा माझ्या दारातल्या चपला सरळ करतात आणि विचारतात, "वहिनी, सुचलं का काय?"

"नाही हो चाचा. तुम्हाला?"

"न्हाई," ते म्हणतात, आणि कुलपाला हिसडा देऊन बघतात. "सुचंल. तिला सुचल्याबिगर ऱ्हायचं न्हाई."