पहिल्याच सभेत मी वडिलांचं नाव सांगून बसलो

मंडळी, आज दुपारी लातूरला दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेला पहिल्यांदा गेलो. दवाखान्यातल्या सिस्टरनं पत्ता दिला होता.

शाळेच्या एका वर्गात दहा-बारा जण बसले होते. माझी पाळी आली तसा सवयीनं उभा राहून बोललो, "ज्ञानोबा माधवराव, मुक्काम पोस्ट शिरूर अनंतपाळ."

शेजारचे काका हळूच म्हणाले, "दादा, इथं नुसतं आपलं नाव सांगायचं. बापाचं, गावाचं न्हाई."

खाली बसलो, पण काकांचं ते बोलणं मनात राहिलं. माझे वडील, अण्णा, दारूपायी दोन वर्षांपासून माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर असलो तरी आईला म्हणतात, "त्याला जेवायला सांग." माझं नाव घेत नाहीत. मी मात्र त्यांचं नाव लावून हिंडतोय.

बाहेर येऊन घरी फोन लावला. नेमका अण्णांनीच उचलला.

"अण्णा, मी ज्ञानोबा. सभेला आलतो. आज पिलो न्हाई."

मग त्यांनी आईला हाक मारली, "अगं, ज्ञानोबाचा फोन हाय."

आता एसटीत बसलोय आणि तेवढंच वाक्य कानात घोळवतोय. तुमच्या घरात असं कुणाचं नाव घ्यायचं राहिलंय का?