तामोचं मनगट

तेतुआनच्या जुन्या वस्तीत तामो नावाच्या बाईच्या हातच्या, सारण भरायच्या पापुद्र्यांना तोड नव्हती. चिकट, ओल्या कणकेचा गोळा उजव्या हातात धरायचा, तापल्या उलट्या तव्यावर मनगटाच्या झटक्याने टिपत जायचं आणि कडा सुटली की पापुद्रा डाव्या हाताने उचलायचा. तो इतका पातळ की पलीकडचं दिसावं.

दर गुरुवारी विधुर अय्याशी, ज्याला सगळे मान देऊन 'सी अय्याशी' म्हणत, दोन डझन पापुद्रे न्यायचा. तोंडात दात उरलेले चार, घरात खाणारा तो एकटा. गल्लीने त्यातून काय काढायचं ते काढलं होतं. सगळ्यात जास्त मीच काढलं, हे कबूल करतो.

रजब महिन्यात हमामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, ओल्या फरशीवर तामोचा पाय घसरला. पंजा टेकून आपटली. हाड बसवणाऱ्या बुसेल्हामने दाबून पाहिलं, "मोडलं नाही," म्हणाला आणि अंड्याचा पांढरा बलक नि पिठाचा लेप लावून पट्टी बांधली. चाळीस दिवस सोडायची नाही, असं बजावलं. पण पुढे शाबान, रमजानच्या आधीचा महिना. रमजानच्या तयारीला अख्खं गाव पापुद्र्यांसाठी दारात. तामोने बाराव्या दिवशीच पट्टी कापली नि तवा चढवला.

चौथ्या दिवशी मनगटात कट्कन वाजलं आणि हातातला गोळा निखाऱ्यांत पडला. मग तर चहाची किटलीही पेलवेना.

डॉक्टरने मूठ आवळायला लावून एक्स-रे काढला. "हाडं शाबूत आहेत, मावशी. त्यांना एकमेकांना बांधणारी दोरी तुटलीय. ही दोन बघा, कशी लांब गेलीत. लगेच आला असतात तर शिवता आली असती."

"आणि आता?"

"आता ऑपरेशन करून मनगट कायमचं ताठ बसवता येईल. दुखणं थांबेल. झटका मात्र विसरा."

नेमका झटकाच तर हवा होता. झोपेतही हात गोधडीवर टप् टप् टिपत राहायचा. जाग आली की ती तो डाव्या हाताने दाबून धरायची.

अय्याशी दोन गुरुवार आला, "हात कसाय, लल्ला?" असं बाईला मान देऊन विचारून रिकामा परतला. तिसऱ्या गुरुवारी आलाच नाही.

शेजारीण फामाला राहवलं नाही. "यंत्रावरच्या पापुद्र्यांच्या दुकानापुढे रांगेत उभा होता तुझा सी अय्याशी."

"माझा कुठला? चार दातांचा तो, आणि तोही तूच ठेव," तामो म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने निखारे फुलवले. आता डाव्या हाताने टिपायचं. गोळा चुकीच्या जागी चिकटायचा, पापुद्र्यात भोकं पडायची.

रमजान लागायच्या आदल्या दुपारी अय्याशी दारात उभा. तामोने मान वर न करता विचारलं, "यंत्राचे संपले वाटतं?"

"मांजरीला घातले. तिनंही तोंड फिरवलं."

तामोने भोकंवाली चळत पुढे सरकवली. "हे असे आहेत. हवे तर न्या."

त्याने वरचा उचलून उजेडात धरला. बराच वेळ पाहत राहिला. "बरं झालं. रमजानचा चंद्र बघायला गच्चीवर जायला नको. यातूनच दिसेल."

ती हसली, आणि हसताना उजवा हात मांडीवर आपोआप एकदा झटकला गेला. कळ खांद्यापर्यंत गेली.

"पुढच्या गुरुवारी?" त्याने विचारलं.

"दोन डझन नाही व्हायचे."

"एक डझन पुरे. दुसरं तसंही कोण खात होतं?"

तो चळत उचलून वळला. तव्यावर एक फाटका पापुद्रा उरला होता. तामोने तो डाव्या हाताने सोडवून डोळ्यासमोर धरला आणि भोकातून त्याची पाठ गल्लीच्या वळणापर्यंत पाहत राहिली.