शेजारी जा, राव

कुणी घाईतलं गिऱ्हाईक आलं, की आबा मान वर न करता अंगठा खांद्यामागे दाखवायचे. "शेजारी जा, राव. मोकळा हाय तो." शेजारी म्हणजे मी. त्यांच्याच धंद्यातला!

नारायणगावच्या हायवेला आबांचं लेथ मशीन सगळ्यांत जुनं. द्राक्षबागेतल्या फवारणीच्या ब्लोअरचा शाफ्ट लेथवर कातून नीट करावा तर आबांनीच. त्यांच्या भिंतीला भिंत लावून मी दुसरं लेथ टाकलं, तेव्हा सगळे म्हणाले, म्हातारा तुला टिकू द्यायचा नाही. आबा नारळ घेऊन आले, आणि दुपारी राजुरीचं एक गिऱ्हाईकही माझ्याकडे धाडलं.

"आबा, तुमचं गिऱ्हाईक मला कशाला?"

"येड्या, एका दुकानाला गिऱ्हाईक येतं. वळीला बाजार येतो."

ओळ खरंच वाढली. वेल्डर आला, बेअरिंगवाला आला, रंगारी आला. सकाळी मोडका ब्लोअर आणलेला माणूस दुपारी तो चालू करून घरी जायचा. लांबलांबचे बागाईतदार ओझरच्या गणपतीला जाता जाता आमच्याकडे डोकावू लागले. कुणाचं पोट कुणावर चाललंय, तेच कळेना!

मग बायपास झाला आणि आमचं धाबं दणाणलं. गिऱ्हाईक तिकडून सुसाट जायला लागलं. जो तो आपापली जागा शोधू लागला, मीसुद्धा. ओळ आता मोडणार, हे दिसतच होतं.

बायपासला लागून आबांचं वावर होतं. त्यांचा पोरगा म्हणाला, "आपलं एकट्याचंच मोठं दुकान टाकू." आबांनी रस्त्याकडेच्या जागेचे सारखे तुकडे पाडले आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. टोकाचा स्वतःला ठेवला, त्याच्या शेजारचा मला.

"आबा, मालक तुमी आन् टोकाला?"

"टोक बी वळीतच असतंय की."

पोरगा त्यांच्याशी लई दिवस बोलला नाही. ओळ मात्र टिकली, पुन्हा जमलीसुद्धा.

यंदा छाटणीच्या हंगामात आबा गेले. परवा खोडदचा एक शेतकरी घाईघाईने शाफ्ट घेऊन आला. मी कामात बुडालेलो. मान वर न करता माझा अंगठा खांद्यामागे गेला.

"शेजारी जा, राव."

तो गेला आणि लगेच परत आला.

"भाऊ, तिथं तर कुलूप हाय."

मी मशीन बंद केलं. तो बिचारा शाफ्ट धरून उभा, आणि मला रडू आवरेना.