मला तसं काही दिसलं नाही

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही, आणि जिच्यापाशी मी मनातलं सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. अकरा वर्षं झाली. लपवून ठेवलं असं तरी कसं म्हणू – कुणी विचारलंच नाही, म्हणून सांगितलं नाही. बघा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच पळवाट काढली. लपवूनच ठेवलं. तसंच म्हणायचं.

मी कॉलेजात समाजकार्य शिकवते. दरवर्षी आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा एक दिवस असतो. 'आरोग्य, स्वास्थ्य आणि सामाजिक न्याय' असा बॅनर, भिंतीभर पोस्टरं, पाहुण्यांना शाल आणि झाडाचं रोप. यंदा त्याच्या तयारीत एक मुलगी भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम, शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला तर चालतो ना? मी तिच्यावर अशी खेकसले की पोरगी रडकुंडीला आली. तिला बिचारीला काय माहीत! नंतर मी तिची माफी मागितली. पण मी कुणावर चिडले होते, ते तिला सांगितलं नाही.

तर – मी तिच्याच वयाची होते. एम.एस.डब्ल्यू.चं शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय होता नवजात बाळांच्या गृहभेटी. बाळंतीण घरी आली की गावची आशाताई ठरलेल्या दिवशी तिच्या घरी जाते, हात धुऊन बाळाला घेते, काट्याच्या झोळीत घालून वजन करते, ताप बघते, दूध ओढतंय का बघते. मी सोबत जायचं आणि यादीवर हो-नाही करायचं. 'आशाने बाळाला स्वतः हाताळले का?' – हो किंवा नाही. शेवटी शेरा. एवढंच काम.

गाव निवडलं ते आत्याचं. डोंगरकडा या गावापासून जवळ आहे, नाव सांगत नाही. निवडीमागे शास्त्र वगैरे काही नव्हतं हो – राहायची-खायची सोय होती. आत्याचं घर गावातलं मोठं घर. साठी-सत्तरीची आत्या, तिचा मुलगा म्हणजे माझा दादा, आणि वहिनी, जिचे दिवस भरत आले होते. आत्याचा माझ्यावर फार जीव. मी गेले की ती दुधावरची साय माझ्यासाठी काढून ठेवायची.

आणि गावच्या आशाताई होत्या शोभाताई. चाळिशीच्या आसपासच्या, बारीक, चालायला एकदम झपझप. खांद्याला ती निळी पिशवी, तोंड सतत चालू. मी मागं पडले की म्हणायच्या, "काहून हो ताई, पेन दमलं का? माझे पाय न्हाई दमले अजून." बाळाचं अंग गार पडलंय का हे कसं बघायचं, ते त्यांनीच मला शिकवलं – हात उलटा करायचा, आधी पोटाला लावायचा, मग तळपायाला. माझ्या पुस्तकात ते होतं, पण मला येत नव्हतं.

शोभाताई बौद्ध. घर गावाच्या त्या टोकाला, भीमनगरात. दुपारी त्या मला हट्टानं घरी जेवायला न्यायच्या. भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. मी दोन-दोन भाकरी खायची. आणि आत्याकडे येऊन काय सांगायची? शाळेत खिचडी खाल्ली. रोज. आत्यानं कधी दम दिला नव्हता, कधी विचारलंही नव्हतं. मीच आपण होऊन सांगायची. तेव्हा मला ते खोटं वाटायचंच नाही – घरात कशाला उगाच कटकट, एवढंच वाटायचं.

बहुतेक घरांत शोभाताई थेट आत. बाळ उचलायच्या, त्याच्याशी गप्पा मारायच्या, सासवांना झापायच्या. पण पाच-सहा घरं होती – तिथं त्या अंगणातच थांबायच्या. थर्मामीटर आतून कुणीतरी येऊन न्यायचं, काटाही न्यायचं. मग सासू आतून आकडा सांगायची आणि शोभाताई वहीत लिहून घ्यायच्या. त्या घरांपुढं त्यांचं तोंड बंद असायचं. मी पहिल्या वेळी विचारलं, आत का नाही जात? त्या म्हणाल्या, "सुयेर हाय म्हणतात." म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. मग चपला सरकवत म्हणाल्या, "शेजारीण गेली आत्ता. तिला न्हाई लागत सुयेर."

मला कळलं. पहिल्याच दिवशी कळलं. मी काय लहान होते का?

मग वहिनीला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर शोभाताईंची पहिली भेट ठरली आणि मी त्या दिवशी सकाळपासून आतल्या आत धास्तावले. आत्याशी बोलावं, असं मनात आलं होतं. नाही बोलले. शोभाताई आल्या, अंगणात उभ्या राहिल्या, हाक मारली. मी आतल्या खोलीत बाळ मांडीवर घेऊन बसले होते. आत्या दारात गेली, काटा हातात न घेता म्हणाली, "तीन किलो भरलंय दवाखान्यात. तेच लिही. सुयेर हाय घरात, आत नको येऊ." बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेव्हा आमच्या चुलीशी चहा पीत बसली होती.

दार उघडं होतं. शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काही मागायचं म्हणूनही नाही – मी तिथं आहे एवढं त्यांनी पाहिलं. मी यादीवर 'नाही' अशी खूण केली. 'आशाने बाळाला स्वतः हाताळले का?' नाही. शेऱ्यात का नाही ते लिहायचं होतं. रकाना चांगला मोठा होता. मी तो रिकामा सोडला.

पुढच्या भेटीला तेच. फक्त या वेळी शोभाताई लवकर हलेनात. अंगणातूनच विचारत राहिल्या – दूध ओढतंय का, लई झोपून राहिलंय का, अंग गार लागतंय का. आत्या वैतागली, "सगळं बराबर हाय म्हणलं ना!" मग शोभाताई मला म्हणाल्या, "ताई, तुमी तरी पोटाला हात लावून बघा एकदा." मी म्हणाले, झोपलंय, नंतर बघते. मला तो प्रसंग लवकर संपायला हवा होता. नंतर मी बघितलं नाही. विसरले.

दोन दिवसांनी बाळ दूध ओढेना, डोळे उघडेना. दादानं गाडी काढली आणि नांदेड गाठलं. बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं लेकरू. वाचलं. आता पाचवीत आहे, चांगला धटिंगण आहे. पण त्या दिवसांत घरात जे रडणं-ओरडणं झालं, त्यात कुणाच्या तरी माथी खापर फुटणारच होतं. दादानं आरोग्य केंद्रात लेखी तक्रार दिली – आशा बाळाला बघतच नव्हती, अंगणातूनच आकडे लिहून जायची.

यात खोटं काहीच नव्हतं. बघतच नव्हत्या. अंगणातूनच लिहून जायच्या.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. मलाही, कारण अभ्यासाची परवानगी त्यांनीच दिली होती आणि माझ्या याद्यांची एक प्रत त्यांच्याकडे जात होती. छोटी खोली. डॉक्टर, आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या एक बाई, दादा, शोभाताई आणि मी. दादा माझ्या शेजारच्या खुर्चीत. शोभाताईंना खुर्ची नव्हती की त्या बसल्या नाहीत, ते आता आठवत नाही. डॉक्टर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझी यादी काढली, बोट ठेवलं आणि विचारलं – इथं दोन्ही भेटींना 'नाही' आहे. का नाही?

शोभाताई बोलल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. "साहेब, त्यांच्या घरात मला आत येऊ देत न्हाईत. जातीपायी. अजून पाच घरं हायेत तशी, नावं सांगते. ह्या ताई होत्या तिथं दोन्ही टायमाला. इचारा त्यांना."

इचारा त्यांना – हे त्यांनी किती सहज म्हटलं! त्यांना शंकाच नव्हती. मी त्यांच्या ताटात जेवले होते, त्यांच्यासोबत महिनाभर ऊन तुडवलं होतं, आणि माझ्या प्रबंधाच्या नावातच 'सामाजिक न्याय' हे दोन शब्द होते. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला म्हणजे काही वेडेपणा केला का? कुणीही टाकला असता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दादा जमिनीकडे बघत होता.

मी म्हणाले, "मला तसं काही दिसलं नाही."

झालं. हेच ते. एवढं सांगायला मी इतकी फिरत आले.

दादानं माझ्यावर डोळे वटारले नव्हते, कुणी शिकवून आणलं नव्हतं. आत्यानं घरून निघताना फक्त एवढंच म्हटलं होतं, लवकर ये, जेवायची थांबते. कारणं मी या अकरा वर्षांत पुष्कळ गोळा केली – वय कमी होतं, घरचा मामला होता, लेकरू मरता मरता वाचलं होतं, वडिलांना काय तोंड दाखवू. सगळी खरी आहेत. शोभाताईंना त्यातल्या एकाचाही उपयोग नाही.

त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. स्वतःची चूक झाकायला जातीचा आधार घेतला, असं गावभर झालं. नोकरी जाण्यापेक्षा ते वाईट. पुढं त्या गावात कुणी तसं बोललं असतं, तरी लोक म्हणाले असते, शोभीसारखं करू नको. मी प्रबंधात लिहिलं – 'काही भेटींमध्ये आशांकडून बाळ हाताळले जात नसल्याचे आढळले. प्रशिक्षणाची गरज आहे.' मला चांगले मार्क मिळाले. प्रशिक्षणाची गरज! लाज वाटते हो. ते वाक्य मी दोनदा खोडून नीट केलं होतं, भाषा चांगली व्हावी म्हणून.

त्या मुलीवर खेकसल्यानंतरच्या रविवारी मी शोभाताईंकडे गेले. आत्याकडे न जाता, पहिल्यांदाच. त्या हळद काढायच्या कामावरून नुकत्याच आल्या होत्या, नखं पिवळी, हात धूत होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. या म्हणाल्या. आत बसवलं. मी घरून शब्द जुळवून नेले होते. सुरुवात केली – ताई, तुम्ही तेव्हा सगळं मुकाट सहन केलंत…

त्यांनी मला तिथंच थांबवलं. "मुकाट कुठं? मी बोलले की. चार माणसांत बोलले. तुमी न्हाई बोलल्या."

आणि त्या पदराला हात पुसत उठल्या. जा असं म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं मी निघाले.

त्या म्हणाल्या ते खरं आहे. इतकी वर्षं मी मनात त्यांना गरीब, सोसणारी बाई करून ठेवलं होतं – मला बरं पडायचं म्हणून. त्या बोलल्या होत्या. साहेबांसमोर, दादासमोर, स्वतःची नोकरी पणाला लावून, घरांची नावं सांगायच्या तयारीनं. एकच माणूस त्यांच्या बाजूनं बोलू शकत होता, आणि त्या माणसानं त्यांना खोटं पाडलं.

आत्याच्या घरात शोभाताईंना त्यांच्या जातीमुळे आत घेत नव्हते. दोन्ही वेळा मी घरातच होते. मी ते पाहिलं.