शाबूत पोती

कचेरीत जाताना ते मला रोज दिसत. मांडवीजवळ धान्याची एक वखार होती, तिच्या दाराशी हे म्हातारे गृहस्थ दाभण आणि सुतळी घेऊन बसत. उभी हयात सरकारी पागेत खोगिरं शिवण्यात गेलेली. आता हमालांच्या लोखंडी आकड्यांनी पोत्यांना पडलेली भोकं शिवायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देतही नव्हतं. सांडलेल्या बाजरीवर कबुतरं उतरली की आधी त्यांना हाकलायचे; मग दाणे चिमटीने उचलून, फुंकर मारून भोकातून आत सारायचे आणि मगच टाका घालायचे. एकदा मला हसू आलं, तर म्हणाले, "संवत छप्पनच्या दुष्काळात लेकीच्या तोंडात घालायला एवढंसुद्धा नव्हतं, भाई." त्यानंतर मी कधी हसलो नाही.

पुढच्या वर्षी भाव चढेल म्हणून शेठने भरल्या वखारीला कुलूप घातलं. पावसाळाभर छप्पर गळत राहिलं. दिवाळीच्या तोंडावर दार उघडलं आणि कुबट वासाने रस्ता भरून गेला. बाजरी काळी पडली होती. सगळी पोती विश्वामित्री नदीत ओतण्यासाठी गाड्यांवर चढवली. चढवताना कुठे एक दाणा सांडला नाही.

म्हातारे एका गाडीला टेकून आपल्याच टाक्यांवरून अंगठा फिरवत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो.

"मी शिवलं नसतं," ते म्हणाले, "तर कबुतरांच्या तरी पोटात गेलं असतं."